बिनपंख्याचा कॉम्प्युटर

"लोकं पंखे वाढवून मागतेत, अन् तू हाय ते बी काढ म्हणतो," फिरोज म्हणाला. "मशीन तापून बसंल वैजनाथ, मग माझ्या नावानं बोंबलू नको."

लोहाऱ्याच्या बसस्टँडमागं फिरोजचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वैजनाथ तिथल्याच एका कॉलेजात लॅब सांभाळायचा, म्हणजे त्यालाही यातलं कळत होतं. पण कळणाऱ्या माणसाला एकदा खूळ लागलं की त्याला आवरणं फार कठीण. त्याला घरी गाणं ऐकायला कॉम्प्युटर हवा होता, आणि तो असा, की चालू आहे का बंद हे कानाला समजूच नये.

खुळाचं मूळ एका कॅसेटमध्ये होतं. उन्हाळ्यात माकणीच्या कल्याणप्पांनी त्याला बोलावून घेतलं आणि ट्रंकेतून ती काढून त्याच्या हातावर ठेवली. कल्याणप्पा पखवाज वाजवायचे आणि वैजनाथचे वडील वीरप्पा भजन म्हणायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात सास्तूरचं जुनं गाव बसलं, त्यात वीरप्पा गेले. घरातला एक फोटोसुद्धा वाचला नाही. वैजनाथ तेव्हा एवढासा होता. बापाचा चेहरा त्याला आठवत नव्हता, मग आवाज कुठून आठवणार?

"तुझा बाप हाय ह्यात," कल्याणप्पा म्हणाले. "म्या आता पिकलं पान. घेऊन जा."

लॅबचं दार लावून, हेडफोन घालून वैजनाथनं ती ऐकली आणि ढसाढसा रडला. मोकळा, थोडा खरखरीत गळा होता. मग त्याच्या मनात एकच आलं, हे अव्वाला ऐकवायचं.

आईला घरात सगळे अव्वा म्हणत. शिवम्माचे, म्हणजे या अव्वाचे, कान उतरत चालले होते. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बारीक आवाज आधी जातात आणि जाडे मागं राहतात. बोलणं नुसतं गुंगुं ऐकू येईल, आणि पुढं तेही नाही. कानाचं मशीन दिलं होतं, पण ते अव्वा काढून साखरेच्या डब्यात ठेवायची. म्हणजे जे ऐकवायचं ते लवकर ऐकवायला हवं होतं. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची, खरखर धुऊन काढायची आणि अव्वाला समोर बसवून, तिच्या कानाला झेपेल तसे शब्द वर उचलायचे, असा त्याचा बेत होता.

पहिल्या खेपेला तो लॅबमधला जुना कॉम्प्युटर घरी घेऊन आला. बटण दाबलं, आतला पंखा घरघरला आणि बाजेवर पडलेली अव्वा ताडकन उठून बसली.

"जमीन घुमायली," ती म्हणाली. "बाहीर व्हा सगळी."

त्या दिवशी ती अंगणातच बसून राहिली, जेवायलाही आत आली नाही. यात हसण्यासारखं काही नव्हतं. सास्तुरात आजही कधी जमिनीतून आवाज आला तर हातातला घास टाकून माणसं अंगणात येतात. भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात कुणी माळ्यावर जड वस्तू ठेवत नाही; पाटा म्हणू नका, टीव्ही म्हणू नका, सगळं जमिनीलगत. शिवाय उशाशी पाण्याचा तांब्या आणि त्याच्यावर पितळी फुलपात्र उपडं घालायची रीत होती. धक्का आला की फुलपात्र वाजतं. बाकीच्यांनी ती रीत कधीच सोडली, अव्वानं नाही. कानावरचा भरवसा गेल्यापासून तर ती जागेपणी दोन बोटं फुलपात्राला टेकवूनच असायची. वैजनाथ ते जन्मभर बघत आला होता, म्हणून आता त्याला ते दिसतही नव्हतं.

अव्वा भूकंपाविषयी चकार शब्द काढत नसे. काय झालं ते त्याला शेजारच्या कोंडाबाईनं सांगितलं होतं. अव्वा पोराला ओढत बाहेर आली आणि मागं घर बसलं. ती ढिगाऱ्यासमोर उभी राहून नवऱ्याला हाका मारत राहिली. आधी आतून ओ येत होती, मग यायची थांबली.

तर असा हा बिनपंख्याचा कॉम्प्युटर. फिरोजनं कुरकुर केली, पण हैदराबादहून ॲल्युमिनियमची जाड पेटी मागवून दिली. अंगावर कंगोरे असलेली, आतली उष्णता स्वतःच बाहेर टाकणारी. फिरणारी डिस्क काढून चिप बसवली. वीजपुरवठ्याचा खोका लांब वायर लावून बाहेर काढला. तरीही त्यातून डासासारखा एक बारीक सूर येत होता. तो अव्वाला ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण वैजनाथला सहन होईना. त्यानं तो खोका बदलून घेतला. फिरोज म्हणाला, "अरे, मोबाईलला स्पीकर जोड अन् मोकळा हो की." वैजनाथनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

घरी बायकोनं, तारामतीनं, एकच प्रश्न विचारला. "अव्वाला ऐकायचं हाय का, इचारलं का तुमी?"

"बापाचा आवाज हाय तो. त्यात काय इचारायचं?"

"तसं नव्हं," तारामती म्हणाली, आणि पुढं काही न बोलता सूप घेऊन अंगणात डाळ पाखडायला गेली. वैजनाथला तिचा राग आला. चांगल्या कामात खोडा घालायची हिला खोडच आहे, असं त्याच्या मनात आलं.

रविवारी दुपारी त्यानं सगळं मांडलं. स्पीकर मोठे होते. ते रिवाजाप्रमाणं जमिनीवरच, अव्वाच्या बाजेशेजारी ठेवले. बटण दाबलं. काहीच आवाज नाही. त्यानं पेटीला कान लावला, तरी नाही. अव्वा फुलपात्रावर बोटं टेकवून शांत पडली होती. वैजनाथला एवढा आनंद झाला की फिरोजला फोन करावासा वाटला.

मग त्यानं भजन लावलं.

थोडा वेळ अव्वाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. तो स्क्रीनवरची आवाजाची एकेक पट्टी सरकवत गेला, शब्द वर उचलत गेला. अचानक अव्वा उठून बसली. तिचा हात डोक्याकडं गेला आणि तिनं पदर पुढं ओढून घेतला, घरधनी दारात आल्यावर घ्यावा तसा.

"ह्यांचा..." ती म्हणाली. "ह्यांचा आवाज हाय."

"व्हय अव्वा."

"मोठं कर."

त्यानं मोठं केलं. वीरप्पांनी सूर वर चढवला आणि त्यामागोमाग कल्याणप्पांचा पखवाज जोरात उतरला. जाडी थाप फरशीतून गेली, बाजेच्या पायांतून गेली. तांब्यावरचं फुलपात्र थरथरलं, कलंडलं आणि खाली पडलं.

काय झालं ते वैजनाथला समजलं, पण उशिरा. अव्वानं त्याचं मनगट धरलं होतं. उभं राहायला काठी लागणारी बाई त्याला, एवढ्या थोराड माणसाला, ओढत दाराबाहेर घेऊन आली. अंगणात पाखडत बसलेल्या तारामतीच्या हातातलं सूप पडलं.

"अव्वा, काय न्हाय झालं! स्पीकर हाय तो, अव्वा!"

तिला ऐकू येत नव्हतं. ती घराकडं तोंड करून उभी होती. आत भजन चाललं होतं, मोकळ्या गळ्यानं, उघड्या दारातून स्वच्छ बाहेर येत होतं. इतकं स्वच्छ की तिलाही ऐकू जावं. तेवढ्यासाठीच तर वैजनाथनं एवढा खटाटोप केला होता.

"अवं!" अव्वा ओरडली. "अवं, बाहीर या! गात काय बसलाव, बाहीर या की!"

शेजारपाजारची माणसं दारात आली. जुनी माणसं समजली आणि जागीच थांबली. कोंडाबाईनं तोंडाला पदर लावला. अव्वा हाका मारत होती आणि आतून वीरप्पा गात होते. वैजनाथला वाटलं, आपण काय करून बसलो हे. आत जाऊन बंद करावं तर तिच्या देखत तो गळा आपल्याच हातानं थांबवायचा, आणि न करावं तर हे असं.

मग कॅसेटची ती बाजू संपली. आवाज थांबला.

घरातून काहीच ऐकू येईना. पंख्याची घरघर नाही, डिस्कची कुरकुर नाही, काही नाही. वैजनाथनं मेहनतीनं केलेली शांतता दारातून बाहेर आली आणि अंगणभर पसरली. अव्वाची हाक अर्ध्यावर तुटली. ती वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं वळून वैजनाथकडं पाहिलं. तो केवढा झाला आहे, केस कुठं पिकले आहेत, हे एकेक करून तिच्या ध्यानात येत असावं.

"लेकरा," ती म्हणाली, "परत लाव."

वैजनाथ दाराकडं निघाला. पण अव्वानं त्याचं मनगट सोडलं नाही.

"लाव की," ती पुन्हा म्हणाली, आणि त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.