फोन उभा धरा

एकोणीस दिवसांत सहाशे बारा जणांनी फोनवर नोंदणीचे पान उघडले. त्यांपैकी सहाशे आठ जण नावाच्या रकान्यापाशी थांबले. संगणकावरून चौदा जण आले. त्यांतल्या अकरा जणांनी नोंदणी पुरी केली.

पान माझ्या धाकट्या बहिणीच्या खोलीचे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर ती तोतरेपणावर उपचार करते. शुक्रवारपर्यंत चाळीस नोंदी झाल्या नाहीत, तर मागणीच नाही असे मानून खोली बंद होणार होती.

"ताई, तूच बघ. माझं डोकं चालेनासं झालंय," असे म्हणून तिने मला पान बनवणाऱ्याकडे नेले. मी प्रयोगशाळेत मापनयंत्रे तपासते. माणसांच्या बाबतीत माझी हरकत नसते, त्यांच्या खात्रीच्या बाबतीत असते.

त्याच्या टेबलावर संगणकाचा खिडकीएवढा पडदा होता.

"फोनवाले चंचल असतात, मॅडम. नुसतं चाळतात," तो म्हणाला. "त्यांच्यासाठी वेगळीच साइट करू."

"चंचलपणा पहिल्याच अक्षराला उफाळतो?"

"मानसशास्त्र आहे ते."

नाचता येईना, अंगण वाकडे. येथे तर अंगणाचे मानसशास्त्रही तयार होते.

"फोनवर तपासलंत?"

"हे काय!" त्याने माऊसने कड ओढून पान पट्टीएवढे अरुंद केले. "झाला फोन."

"म्हणजे मी पोट आत ओढलं की बारीक झाले," बहीण म्हणाली.

त्याच्या खिशात दोन फोन होते. एक काढायला लावला. त्याने नावाच्या रकान्यावर बोट ठेवले. कीबोर्ड वर आला, अर्ज नाहीसा झाला आणि एक ओळ उमटली: कृपया फोन उभा धरा.

फोन उभाच होता. त्याने तो आणखी उभा धरला.

"ही ओळ कुणाची?" मी विचारले.

"माझीच. आडव्या फोनची मांडणी करायची राहिली होती, म्हणून..."

"फोन आडवा आहे, हे पानाला कसं कळतं?"

"उंचीपेक्षा रुंदी जास्त झाली की..." त्याने कीबोर्डच्या वर उरलेली पट्टी बोटाने मोजली.

ओळ काढायला चार मिनिटे लागली. मुदतवाढीचे पत्र बहिणीने तेथेच लिहायला घेतले. कारणाचा परिच्छेद मी सांगितला:

"कीबोर्ड उघडताच पानाला उरणाऱ्या जागेची उंची रुंदीपेक्षा कमी होते. फोन आडवा आहे असे समजून पान अर्ज झाकते. चार फोनांत कीबोर्ड पानावर तरंगतो, पान आखडत नाही. त्या चौघांची नोंदणी झाली. उरलेल्या सहाशे आठ जणांना अर्ज भरताच आला नाही."