काट्यांची वेस

लॉकडाऊनमध्ये एरंडोलजवळच्या त्या गावाने बाभळीचे काटे टाकून वेस बंद केली होती आणि पहाऱ्यावर छगननाना बसत. सकाळी दहाला ललित मास्तर सायकलवरून परतले, तशी नानांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बठ्ठं गाव घरमा बसेल शे, अन् तुले सायकल सुचस?"

"नाना, साखर वाढलीय. डॉक्टरांनीच व्यायाम सांगितलाय."

"आमना जीववर व्यायाम करस का?"

नानांनी चाकातली हवा सोडून वॉल उपसला, खिशात टाकला आणि फर्मावलं, चौदा दिवस मळ्यातच राहायचं.

मास्तरांचा मळा सहा किलोमीटर. मे महिन्याचं ऊन. मास्तर सायकल ढकलत निघाले. वाटेतल्या वस्तीवर त्यांनी पाणी मागितलं, तर खबर आधीच पोचलेली; गावाने हाकललेला माणूस म्हणून लोकांनी दारं लावून घेतली. संध्याकाळी ते बांधावर मरून पडलेले सापडले.

गाव म्हणालं, करोनाच. तिरडीला खांदा द्यायला कुणी फिरकलं नाही.

सरपंचांनी वेशीवर येऊन नानांना लांबूनच हात जोडले. "नाना, तुम्ही अडवलं म्हणून गाव वाचलं."

नानांनी मान डोलावली. खिशातल्या मुठीत वॉल रुतत होता.