लिंपणाचा ठराव

वेणूच्या घरकुलाचा चौथरा बांधून झाला होता आणि भिंती कशाच्या घालायच्या हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. सिमेंटच्या. कळायला लागल्यापासून ती कुडाच्या भिंती लिंपत आली होती. कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा हात फिरवायचा, पावसाळा सरला की पुन्हा तेच. माती तिनं आणायची, पाणी तिनं वाहायचं. तिचा नवरा हरेश काठ्या उभ्या करून मोकळा व्हायचा. लिंपणं हे बाईचं काम, अशी खोडाळ्याकडच्या त्या पाड्यावरची रीतच होती.

आणि आता सरपंच रंजनाताईंनी ग्रामसभेपुढं विषय आणला होता: यापुढच्या प्रत्येक नव्या घराला उन्हाच्या बाजूनं मातीचा दुहेरी कूड, आढ्याशी वाऱ्याला वाट आणि पुढं रुंद पडवी हवीच. आजवर हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं आणि तसं घर बांधलं होतं एकट्या देवजीबाबांनी. त्याची सक्ती करायची की नाही, हे आज दुपारी ठरणार होतं.

विरोधात बोलायचं तर तसल्या घराची खोट दाखवता यायला हवी. म्हणून सभेआधी वेणू देवजीबाबांकडं गेली.

वैशाखाचं ऊन. कातळावर पाय ठरत नव्हता. उंबरा ओलांडून ती आत आली आणि जागीच थबकली.

डोहात उतरताना पाणी घोट्यापासून वर चढावं तसा गारवा तिच्या अंगावर चढत गेला. पंखा कुठंच नव्हता. आढ्याच्या फटीतून उजेडाची एक पट्टी खाली आली होती आणि तिच्यातली धूळ सावकाश वर, बाहेर निघाली होती. वेणूच्या घरी एकेरी कूड आणि वर पत्रा. या वेळेला तिथं भाकरी भाजली असती. तिनं भिंतीला तळवा लावला. याच मातीनं तिचे तळवे फाटले होते. जन्मभर हिच्याशी झटूनही ही माती असं काही करू शकते हे तिला ठाऊक नव्हतं. मोठ्यानं श्वास घ्यायचीही तिला भीती वाटली.

"खोट बघाया आलीस ना?" कोपऱ्यातून देवजीबाबा म्हणाले. "एक हाय. लिंपावं लागतं."

"कोण लिंपतं?"

"मीच. म्हातारी गेली, आता कोण? गडी मला देवजीबाई म्हणतात."

"राग नाय येत?"

"येतो की. म्हणून तर दार लावून लिंपतो. बाहेरची भिंत पहाटे, कोणी उठायच्या आत."

सभेत पाड्यावरचा जिवा पहिलाच उठला. "मर्जीवरच ठेवा, ताई. देवजीबाईला हौस हाय, ती करील!" गडी खदखदून हसले. हरेशही हसला.

वेणू उभी राहिली. ही आता सक्तीला आडवी जाणार, हे सगळे धरूनच चालले होते.

"सक्ती करा," ती म्हणाली. "पण अर्धी नको. भिंत गड्यानं लिंपायची, हेही ठरावात लिहा."

"वेणू, ऊन लागलं का गं?" जिवा ओरडला.

"तुझ्या पत्र्याखाली बसले असते तर लागलं असतं, जिवादादा. देवजीबाबांच्या घरात बसले होते."

आता बाया हसल्या.

"मग बांध की तसं. तुला कोण अडवतो?"

"कोणी नाय. पण माझ्या हरेशनं मातीत हात घातला, तर उद्या तुम्हीच त्याला हरेशबाई म्हणणार. एकटा गडी लिंपाया बसला की हसू होतं. सगळेच बसले, तर हसाया राहतो कोण?"

रंजनाताईंनी हात वर करायला सांगितलं.

बायांचे हात लगेच वर गेले. गडी एकमेकांकडं बघत बसले. वेणूला हरेशकडं बघवेना. त्याचा हात खालीच राहिला, तर नव्या घरातही मातीची पाटी तिच्याच डोक्यावर होती.

धीर करून तिनं पाहिलं. हरेशची मान खाली होती, कान तापले होते. पण त्याचा हात वर होता. मग त्याच्या शेजारच्याचा वर गेला, मागच्याचा गेला, शेवटी पुटपुटत जिवाचाही गेला. भातखाचरातल्या चिखलात जन्म काढलेले आणि भिंतीला कधी न लागलेले ते हात. वेणू ते मोजायचंही विसरली.

देवजीबाबांचा हात तेवढा वर करायचा राहूनच गेला होता. दोन्ही तळवे मांडीवर ठेवून ते त्या हातांकडं बघत होते. सात-आठ वर्षांनी डोंगरभर कारवी फुलते, तेव्हा माणूस असाच बघत राहतो.