तिसऱ्या खेपेचं रक्त

क्षितिजाला कुवेतला येऊन चार वर्षं झाली होती. उन्हात राबणाऱ्या मजुरांच्या मूत्रपिंडांवर तीन देश मिळून अभ्यास करत होते. कुवेतमधल्या सहाशे मजुरांची माहिती तपासून परदेशी संख्याशास्त्रज्ञांकडे धाडायचं काम तिचं. माणसं तिला नंबरानेच ठाऊक. महबूला भागातल्या फ्लॅटवर परतल्यावर बोलायला कोणी नसे. कधीकधी सुट्टीचे शुक्रवार-शनिवार तोंडून शब्दही निघत नसे.

एप्रिलमध्ये ती चारशे सतरा नंबरपाशी अडली. दोन तपासण्यांत क्रिएटिनिन वाढत गेलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकत चाललेली. आणि तिसऱ्या खेपेला एकदम ठणठणीत. तिने कळवलं, तर परदेशातून उत्तर आलं, "एका आकड्याने निष्कर्ष बदलत नाही. राहू दे."

तिला राहवेना. तिने जलीब या मजुरांच्या वस्तीतल्या तपासणी केंद्रातल्या नर्सला, फरहतला फोन केला. फरहतने त्या माणसाला बोलावून घेतलं, पण तो काही सांगेना. "तुमच्या भाषेचा दिसतो, तुम्हीच या," ती हिंदीत म्हणाली.

तो आदिल, गुहागरकडचा, पंचेचाळिशीचा, बांधकामावर सळया बांधणारा. मराठी ऐकताच त्याने मान वर केली.

"आदिलभाई, तिसऱ्या वेळचं रक्त तुमचं नव्हतं ना?"

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. "खोलीतल्या जोडीदाराला धाडलं, बाय. गर्दीत कार्ड कोणी बघितलं नाही. दुखणं कंपनीला कळलं तर घरी पाठवतील, म्हणून."

"कंपनीला काही कळत नाही. आकडे माझ्याकडे येतात."

"म्हणजे माझं बिघडलंय, ते तुला ठाऊक होतं?"

ते वाढते आकडे क्षितिजाने दोन्ही वेळा पाहिले होते, बरोबर म्हणून खूण केली होती आणि पुढच्या ओळीवर गेली होती. सांगायचं काम डॉक्टरांचं, असं धरून.

त्याच दिवशी पुन्हा रक्त घेतलं. आकडा आणखी चढला होता. आदिलला रुग्णालयात दाखल केलं. ती रोज संध्याकाळी जाऊन बसायची. तो सड्यावरच्या आंब्याच्या कलमांबद्दल, बायकोच्या हातच्या कालवणाबद्दल बोलायचा आणि ती ऐकत राहायची. उन्हातलं काम बंद, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिसऱ्या आठवड्यात तो गावी गेला. पोचल्यावर त्याच्या बायकोचा, कुबराचा फोन आला. "औषधं चालू आहेत. आता झोपलेत."

क्षितिजाने तिसऱ्या खेपेची नोंद काढून टाकली. निष्कर्ष खरोखरच बदलला नाही. मग तिने तिन्ही देशांच्या बैठकीत हट्टाने एक नियम करून घेतला: आकडा चढताना दिसला, की नंबर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पहिल्याच महिन्यात अकरा जणांना बोलावणं गेलं. ती प्रत्येकाच्या वेळी जलीबला जाऊन बसली. त्यांत मराठी कोणी नव्हतं.