नोटीस कोणाच्या नावानं

मांडीचं हाड, डावं.

घरटॅक्सची पावती.

फोटोतल्या माणसाच्या कपाळावर चंदनाचा टिळा. रोज ताजा.

जिन्याखाली नव्या धानाची पोती.

'खोली मुदतीआधी सोडायची झाल्यास भाडेकरूने मालकास एक महिना अगोदर लेखी सूचना द्यावी.'

शेवटचं आधी सांगते. मी प्रतिक्षा, मोहाडीत एका पतसंस्थेत कामाला. आई मालनबाई आणि मी अकरा महिन्यांचा करार करून वरच्या खोलीत आलो. दिवाळीच्या बाजारात आई घसरली. ऑपरेशननंतर तिला चौघांनी उचलून वर आणलं, त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या आनंदाबाईंनी त्यांच्या घरातली तळमजल्याची एक खोली रविवारपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवलीय. जुन्या मालकाची लेखी संमती मात्र त्यांना हवी.

म्हणजे मालकाला नोटीस द्यायची, आणि महिन्याची मुदत सोडल्याची सही तिच्यावर घ्यायची.

मालक सोमाजी. सोमाजी फोटोत आहेत, आम्ही यायच्या कितीतरी आधीपासून. घरटॅक्सची पावती अजून त्यांच्याच नावानं निघते, आणि करार लिहिणाऱ्यानं नाव पावतीवरून उतरवलं. सही केली थोरल्या मुलानं, टेकचंदकाकांनी. ते खालीच राहतात.

"काका, तुम्हीच घ्या ना नोटीस."

"मी काहून घेऊ? घेतली का धनंजय म्हणन, भाऊ मालक होऊन राहिला. वाटणी झाली नाही आमची."

"मग किल्ली?"

"किल्लीले तर हातच लावत नाही मी."

धनंजय धाकटा, नागपुरात. फोनवर म्हणाला, "दादाले किल्ली दिली तर पाहा मंग. अन् मले देऊ नका, तो बोंबलन."

"मग देऊ कोणाला?"

"ते तुम्ही पाहा ना, मॅडम."

तहसीलसमोर अर्ज लिहून देणारे सेवकरामजी म्हणाले, पर्याय पुष्कळ आहेत.

"तुमच्या जागी दुसरा भाडेकरू आणून द्या."

"त्याच्याशी करार कोण करेल?"

"सोमाजी," म्हणाले आणि स्वतःच हसले. "नाही तर कुलूप लावून निघून जा."

मग करार चालूच. किल्लीही माझ्याच पर्समध्ये.

"मंग वारसांना नोटीस द्या. वारस किती?"

"दोन."

"दोघांच्या सह्या घ्या एका कागदावर. झालं."

झालं म्हणे. ते दोघं एका पंगतीत बसत नाहीत.

श्री. सोमाजी यांस. खोडलं. कै. सोमाजी यांस. हेही खोडलं. मा. घरमालक यांस. हे कोण?

शनिवारी पुन्हा काकांकडे गेले.

"ठेव बाबाच्या फोटोपाशी," ते म्हणाले. "त्यायचंच घर आहे."

थट्टा की खरंच? चेहऱ्यावरून कळेना. मी ठेवली. नोटीस, वर दोनातली एक किल्ली. उदबत्ती लावावी का, असंही वाटून गेलं.

काकांची आई, गोदावरीबाई, तिथंच सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या.

"काय ठेवलं व पोरी तिथं?"

"नोटीस, आजी. बाबांना."

"त्यायले वाचता कुठी येत होतं! मीच दाखवत होती वाचून." चष्मा लावून त्यांनी ती वाचली. दोनदा. "माय कशी आहे तुही?"

"वरच आहे."

"माहीत आहे मले. दिवाळीपासून तिचा पाय माह्या डोक्यावर वाजला नाही."

त्यांनी किल्ली उचलून पदराला बांधली.

"आई, तू कायले हात लावते?" काका ओरडले.

"तुमच्या वाटणीत मी कोणाच्या हिश्श्यात आली, तेवढं सांग. मंग सोडतो किल्ली."

काका उठून जिन्याखालची पोती सारखी करू लागले.

"कुठी करू सही?" आजींनी मला विचारलं.

मी सेवकरामजींना फोन लावला. "वारस तीन निघाले जी."

"आई आहे? मंग आधी काहून नाही सांगितलं?"

काय सांगणार. मीही दोनच मोजले होते.

"एकटीची सही चालते का?"

"पुरती चालते असं म्हणत नाही. चालत नाही असंही म्हणत नाही."

आनंदाबाईंना चालली.

रविवारी आईला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. पुढचा एक पाय काकांनी धरला होता. "मालक म्हणून नाही धरला बरं का," ते पायरीपायरीला सांगत होते, "खुर्ची आहे म्हणून धरला." त्यांच्या खिशात फोन वाजत होता, धनंजयचाच असणार. हात कोणाचाच मोकळा नव्हता.

वरची खोली आईनंच पसंत केली होती, हवा चांगली येते म्हणून.