शुभेच्छुकांची रांग

दहिसरमध्ये माणसाचं मोठेपण फुटांत मोजतात. निवडणुकीला उभं राहायची हौस असलेल्याचा वाढदिवस वीस बाय दहा, साध्या कार्यकर्त्याचा सहा बाय चार, आणि भाचा दहावी पास झाला की त्याच्या पायाशी मामा पासपोर्ट साइज. हे सगळे फ्लेक्स टांगायचं काम नंदू तांबे करायचा. चेकनाक्यापासून नदीच्या पुलापर्यंत त्याने इतक्यांच्या पोरांना उन्हातान्हात हात जोडून उभं केलं होतं की त्याला त्यांचे चेहरे नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ होते. फ्लेक्स जुना झाला की तोच उतरवायचा, आणि मग चाळीतलं कोणीतरी तो छपरावर घालायला न्यायचं. जे लावलं ते उतरवलं, हा त्याच्या धंद्याचा साधा हिशेब.

नंदूचा बाप परळच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली तशी तिथली खोली गेली आणि तांबे मंडळी दहिसरच्या चाळीत आली. त्या घरातून पहिल्यांदा कोणी बाहेरचं जग पाहिलं असेल तर ते नंदूच्या एकुलत्या एका पोराने, सुयोगने. तो मालवाहू बोटीच्या इंजिनखोलीत कामाला होता. जगात लढाई जुंपून तिसरं वर्ष चालू होतं, पण आपला देश तटस्थ. तटस्थ म्हणजे काय ते सुयोगनेच बापाला फोनवर सांगितलं होतं. "बाबा, आम्ही दोन्हीकडच्या बंदरात जातो. आपला पासपोर्ट बघितला की कोणी हात लावत नाही." तेव्हापासून त्याची आई, नलिनी, देवापुढे दिवा लावताना सरकारचंही नाव घ्यायला लागली. एरवी सरकारचं नाव ती फक्त नळाला पाणी नसलं की घ्यायची.

आणि मग एका सकाळी टीव्हीवर आलं, भारत लढणाऱ्या दोन बाजूंपैकी उत्तर आघाडीत सामील झाला. चाळीत आधी थट्टाच झाली. आघाड्या आपण काय कमी पाहिल्यात? "दिवाळीपर्यंत फुटते की नाय बघ," शेजारचा लवू म्हणाला. पण दुपारपर्यंत नाक्यावर फटाक्यांच्या माळा लागल्या. कुणाच्याच घरचं पोर त्या लढाईत नव्हतं, त्यामुळे उत्साहाला तोटा नव्हता.

हर्षद नंदूच्या फ्लेक्सच्या दुकानात घाईघाईने आला. पुढच्या निवडणुकीचा इच्छुक, मनाने वाईट नाही, पण फोटोशिवाय त्याला श्वास घेता येत नसे. "नंदूकाका, नाक्यावरचा मोठा बोर्ड आजच पायजे. आघाडीचं स्वागत! पण नुसता मीच नको यार, एरियातला कोणतरी हिरो पायजे. मिलिटरीत कोण आहे आपल्याकडचा?"

"मिलिटरीत नाय," नंदू म्हणाला, आणि त्याने खिशातून मोबाइल काढला. "माझा सुयोग आहे ना. बोटीवर."

नलिनीला त्याने फोन केला तर ती भडकलीच. "फोटो नको हां! झीलाची दृष्ट काढूक मी हय, आणि तो थय पाण्यात. सगळ्या गावाची नजर लागात त्येका."

"अगो, नाक्यावर लागतलो तुझो झील!" नंदू पोराच्या कौतुकाने हसला आणि त्याने फोन ठेवला. तेवढं एकच तिने मागितलं होतं आणि तेवढंही त्याने ऐकलं नाही.

दुकानात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या किरणने सुयोगचा फोटो मोठा केला. नारिंगी बॉयलर सूट, तोंडभर हसू, आणि मागे टांगलेल्या, बुडणाऱ्याला फेकायच्या लाल-पांढऱ्या टायरवर बोटीचं नाव. "काका, बोटीचं नाव जरा उठून दाखवू?" त्याने विचारलं. "दाखव ना. खरी बोट आहे, कळू दे लोकांना." खाली शुभेच्छुकांची रांग होती. हर्षद, मग मंडळाचा अध्यक्ष, खजिनदार. किरणने कुणाचा तरी पांढरा शर्ट नंदूला घालायला लावला आणि रांगेच्या शेवटी त्यालाही हात जोडून बसवला. जन्मात पहिल्यांदा.

"काका, नावाखाली पद काय टाकू तुमचं?"

नंदूला पद नव्हतं. "वडील टाक," तो म्हणाला.

संध्याकाळी तो स्वतः बांबूवर चढला. वारा सुटला तरी हलू नये म्हणून प्रत्येक गाठ दुहेरी मारली. खाली उतरून मान वर केली तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. हर्षदने फोटो काढून टाकला, तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला आणि रात्रीच्या बातम्यांत सुद्धा दिसला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नलिनीच्या फोनवर सुयोगचा आवाज आला. रेकॉर्ड करून पाठवलेला, दबका. "आई, आमची बोट आघाडीच्या विरोधातल्यांच्या बंदरात अडकलीय. कालपासून आपण त्यांचे दुश्मन झालो. कॅप्टन चांगला आहे, त्याने माझा पासपोर्ट लपवलाय आणि मला तटस्थ लंकेचा म्हणून दाखवलंय. चेकिंग चालू आहे. माझं नाव, बोटीचं नाव, कुठेच बोलू नका. बाबांना सांग."

नलिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तिने तोच आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.

नंदू चप्पल न घालताच नाक्यावर धावला. कटर दातात धरून चढला आणि आपल्याच दुहेरी गाठी कापायला लागला. त्या काही लवकर कापल्या जाईनात. खाली पोरं जमली. "ओ, उतरा खाली! आपल्या दर्यावीराचा फ्लेक्स फाडताय?" कोणीतरी त्याचा पाय ओढला. तो फ्लेक्ससकट खाली पडला तसा कोणी कानफटात मारली, कोणी गद्दार म्हणालं. का फाडतोय हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण समोर दहा मोबाइल वर झालेले, सगळे शूटिंग करत होते. नंदू ओठ घट्ट मिटून मार खात राहिला.

हर्षद आला, त्याने सगळ्यांना हाकललं. नंदूने त्याच्या कानाशी लागून काय ते सांगितलं. हर्षदची पाचावर धारण बसली. त्याने तिथेच फोन काढला. "काका, हा बघा, केला डिलीट. आईशप्पत केला. पण लोकांच्या फोनमधून कसा काढू सांगा?"

फ्लेक्स नंदूच्या पायाशी पडला होता. त्याने त्याची घडी घातली, काखेत मारली आणि घरी आणून पलंगाखाली ठेवली. नलिनीने मोबाइल मांडीवर घेतला तो सोडलाच नाही. जेवणं झाली नाहीत. लवूच्या घरातून डबा आला तो तसाच परत गेला.

दोन दिवसांनी दुपारी टीव्हीवर तिकडच्या सरकारने दिलेला व्हिडिओ लागला. सुयोग होता. तोच नारिंगी सूट, ओठ सुजलेला. मागच्या भिंतीवर दहिसर नाक्यावरचा फ्लेक्स छापून लावला होता, रंग जरा फिके, बाकी सगळं जागच्या जागी. निवेदिका सांगत होती, लंकेचा नागरिक म्हणून लपलेला आघाडीचा हेर पकडल्याचा दावा, अशा गुन्ह्याला तिकडे मृत्युदंड आहे.

एक अधिकारी पुढे झाला. त्याने शुभेच्छुकांच्या रांगेतल्या शेवटच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि सुयोगला काहीतरी विचारलं. सुयोगने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टातला बाप हात जोडून त्याच्याकडे बघून हसत होता.

"नो," सुयोग म्हणाला. "आय डोन्ट नो हिम."

"बरा केलंस," नलिनी टीव्हीला म्हणाली. "असाच म्हण, बाबा. असाच म्हणत रव."

नंदूही पुटपुटला, "नाय ओळखत. नाय ओळखत तो माका."

अधिकाऱ्याने मान हलवली. त्याने हाताने खूण केली तसा चष्मा लावलेला एक दुभाषा भिंतीजवळ आला. अधिकाऱ्याचं बोट चेहऱ्यावरून खाली सरकलं, नावाच्याही खाली, जिथे बाकीच्यांची पदं होती. दुभाष्याने वाकून पाहिलं आणि चांगल्या स्वच्छ मराठीत वाचलं,

"वडील."