राहून गेलेलं साकु

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. आजकालची मुलं मला बघून मागे सरकतात, म्हणून आधीच सांगते, मी कुणाच्या अंगावर येत नाही. कुणी माझ्या पाटावर पाय रोवून बसलं की मगच मला जीव येतो.

माझा जन्म कंधारच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. जुन्या ट्रकच्या पाट्याचं लोखंड तापवून त्याने माझं पातं घडवलं आणि बाभळीच्या लाकडात घट्ट बसवलं. तिथून मी गुरम्माच्या रुखवतात गेले आणि तिच्याबरोबरच उदगीरला सासरी आले. गुरम्माचं माहेर देगलूरच्या पलीकडे, सीमेवरचं. तिच्या मराठीत अधूनमधून कानडी शब्द यायचे. वाढणाऱ्याला ती 'पुरे' म्हणत नसे, 'साकु' म्हणे. पुढे त्या घरात सगळेच साकु म्हणायला लागले.

घरात कार्यक्रम असला की गुरम्मा फळांची कोशिंबीर करी. इतर भाज्या कुणीही चिराव्यात, फळं मात्र तिनेच. टरबूज, पाडाचा आंबा, काकडी, सगळ्यांचे शेंगदाण्याएवढे तुकडे. वर डाळिंबाचे दाणे, बारीक हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू. मीठ सगळ्यात शेवटी, कार्याला बोलावलेले मठाचे स्वामी जेवायला पाटावर बसले की. आधी टाकलं तर फळ पाणी सोडतं. आणि चव बघायची सोय नाही, कारण स्वामींच्या ताटात वाढल्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही हा घरचा रिवाज. सगळी भिस्त तिच्या हातावर. पण तो हात कधी चुकला नाही. पाहुणे कोशिंबिरीचं कौतुक करत आणि त्यातलं थोडं मी माझ्याकडे ठेवून घेई.

मग गुरम्माच्या मुलाचं, मन्मथचं लग्न झालं आणि अंजू सून म्हणून घरात आली. हुशार पोरगी, हाताला चलाख, पण मनाला लावून घेणारी. तिला शिवांश झाला. त्याच्या लिंगधारणेला, म्हणजे बाळाच्या गळ्यात इष्टलिंग बांधायच्या विधीला, सगळी भावकी जमणार होती. अंजूने मोबाईलवर फळांचा साल्सा, म्हणजे परदेशी धाटणीची कोशिंबीर, बघून ठेवला होता. काचेच्या उंच वाट्यांतून तो पापडाच्या तुकड्यांबरोबर द्यायचा, असं तिच्या मनात होतं. सकाळी चार बायकांसमोर तिने हे बोलून दाखवलं.

गुरम्मा हसली. "पावन्यायला मोबाईलातलं खाऊ घालतीस व्हय? आपली कोशिंबीर काय वाईट हाय?"

बायकाही हसल्या. गुरम्माच्या मनात काही नव्हतं, ती बोलून विसरली. अंजू विसरली नाही. तिने काचेच्या वाट्या निमूटपणे कपाटात परत ठेवल्या.

दुपारी विधी आटोपला. स्वामी जेवायला बसणार म्हणताच गुरम्माने कोशिंबिरीत मीठ टाकलं. तेवढ्यात मन्मथने बाहेरून हाक मारली, "आई, पादपूजा राहिली की." ती लगबगीने गेली, स्वामींच्या पायांवर पाणी घालून आली, तोवर स्वामी पाटावर बसलेले दिसले. स्वामी बसले की मीठ, ही तिच्या हाताची जन्माची सवय. हात डब्यात गेला.

समोर अंजू लिंबू पिळत बसली होती. तिने पहिलं मीठ पाहिलं होतं, आता दुसरंही पाहत होती. तिचं तोंड उघडलं. मग तिने ते मिटलं. मी दोघींच्या मधे होते, म्हणून मला ते दिसलं. आणखी कुणालाच दिसलं नाही.

त्या घराची आणखी एक रीत आहे. ताटात पडलं तो प्रसाद, तो टाकायचा नाही. स्वामींनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबले आणि सगळी कोशिंबीर संपवली. मग भावकीनेही संपवली. कुणी तक्रार केली नाही. फक्त पाण्याचे तांबे भराभर रिकामे होत होते आणि गुरम्माला वाटत होतं, ऊन लई आहे.

सगळ्यांत शेवटी ती जेवायला बसली. पहिल्याच घासाला तिचा चेहरा उतरला. सगळे का गप्प होते ते तिला कळलं.

"हात गेला माझा," ती एवढंच म्हणाली. तिनेही ताट स्वच्छ केलं. मग मला धुतलं, कोरडं पुसलं, पात्याला गोडं तेल लावलं आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवायला दिलं. कुणाला दिलं? अंजूलाच.

माळ्यावरचे दिवस काय सांगू. तेल सुकलं, मी गंजले. पण खरं दुःख खालून ऐकू यायचं. गुरम्माने स्वयंपाकघर सोडलं होतं. कधी नातवासाठी वरणभात कालवला, तरी ती आधी सुनेला विचारी, "मीठ बरं हाय का ग?" आणि अंजू म्हणे, "हाव, आत्याबाई." रोज तोच प्रश्न. अंजूचं उत्तर दिवसेंदिवस हळू होत गेलं. तिचा साल्साही आता विनाअडथळा व्हायचा. दोरीच्या चॉपरमध्ये फळांचा लगदा होई, पाहुणे छान म्हणत आणि तिला स्वतःला तो घशाखाली उतरत नसे. एक शब्द तेव्हा बोलली असती तर काय बिघडलं असतं, हे तिला कळत होतं. आणि आता सांगायला फार उशीर झाला, असंही वाटत होतं.

शिवांशचा पहिला वाढदिवस आला. आदल्या दिवशी माळ्यावर अंजूचा हात आला. तिने मला खाली काढलं आणि चिंच लावून, बोटं दुखेपर्यंत घासलं. गुरम्मा दारात येऊन उभी राहिली.

"कशाला काढलीस ती? हात गेलाय माझा."

अंजूने मान वर केली नाही. "न्हाई गेला. त्या दिशी तुमी मीठ टाकलं, पादपूजेला गेलाव आन परत येऊन पुन्हा टाकलं. म्या बघितलं व्हतं, आत्याबाई. राग व्हता मनात, म्हनून बोलले न्हाई."

 गुरम्माने पुढे होऊन वाहता नळ बंद केला.

"वरीसभर तुला मीठ ईचारून राहिले म्या," ती म्हणाली. "आन तू निस्तं हाव म्हनत राहिलीस."

अंजू रडायला लागली. गुरम्माने तिला जवळ घेतलं नाही, डोळे पुसले नाहीत. ती निघून गेली. त्या रात्री मला वाटलं, आपण पुन्हा माळ्यावर.

सकाळी मात्र तिने मला जमिनीवर मांडलं आणि माझ्या पाटावर पाय ठेवला. "टरबूज आन," ती सुनेकडे न बघता म्हणाली. "बिया तू काढ."

दुपारी स्वामी आले. त्यांना पाटाकडे येताना बघून गुरम्माने मीठ टाकलं. पादपूजेची हाक आली, ती गेली, परतली. स्वामी पाटावर बसलेले, हात पुन्हा डब्यात. ती खरंच विसरली होती की तिने मुद्दाम हात नेला होता, हे मला आजही सांगता येणार नाही. दार बायकांनी भरलेलं होतं.

"साकु, आत्याबाई," अंजू म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

गुरम्माने चिमूट डब्यात सोडली, हात झटकला आणि वर्षभरात पहिल्यांदा सुनेकडे नीट बघितलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला फार काही लागत नाही. काम झाल्यावर ओलं ठेवू नका, पात्याला तेलाचं बोट लावा, एवढं पुरतं. गंज चढलाच तर चिंचेने निघतो. पण आपल्या माणसाचा हात चुकताना दिसला, तर तुम्ही तेव्हाच बोला. मी तिथेच होते, सगळं बघत होते आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.